निदानाची मजुरी

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाड्यात एखाद्या जुन्या ट्रकचे इंजिन सकाळी सेल्फ मारल्यावर नुसतेच फिरत राहिले आणि स्टार्ट झालेच नाही, तर मालकाचा दिवस कसा जाणार हे जवळपास ठरलेले असते. एका बाजूला जोयडा आणि त्यापुढे दांडेली, दुसऱ्या बाजूला अणशीचा घाट उतरल्यावर कारवार. इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाचे मोठे काम निघाले तर बेळगाव किंवा हुबळी. मधला मुलूख काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाचा. इथल्या विखुरलेल्या वाड्यांचे सिमेंट, चिरे, भात, खत सगळे रस्त्यानेच हलते, त्यामुळे उभा राहिलेला ट्रक म्हणजे अडलेले काम. मेस्त्री येतो, थोडे ऐकतो, थोडे चाचपतो आणि यादी सांगतो: बॅटऱ्या दमल्या असतील, फिल्टर बदलून बघू, नाहीतर पंप उतरवून टेस्टिंगला पाठवू. ही यादी स्वस्ताकडून महागाकडे जाते. दोषाकडे जातेच असे नाही. माझे म्हणणे असे की हे मेस्त्रीच्या अडाणीपणामुळे घडत नाही आणि लबाडीमुळे तर फारच क्वचित. आपण ट्रकमालक आणि गिऱ्हाईक म्हणून भागाचे पैसे देतो, तो भाग बसवण्याची मजुरी देतो, पण दोष शोधण्याचे पैसे कधीच देत नाही. ज्या कामाला मोल नाही ते काम कमी होत जाते, आणि त्याची सर्वांत जास्त किंमत कुंभारवाड्यासारखी दूरची गावे मोजतात, कारण तिथे चुकीचा भाग आणणे म्हणजे एक दिवस आणि दोन फेऱ्या.

दोष खरोखरच जागेवर सापडू शकतो का, हा पहिला प्रश्न. जुन्या डिझेल इंजिनाबाबत त्याचे उत्तर बहुतेक वेळा होय असेच आहे, आणि त्याचे कारण इंजिनाच्या रचनेत आहे. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गला यशस्वीपणे चालले तेव्हापासून तत्त्व तेच आहे: ठिणगी नाही, प्लग नाही. सिलिंडरमधली हवा पंधरा ते वीस पटींनी दाबली की ती इतकी तापते की योग्य क्षणी बारीक फवाऱ्याने आत आलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणजे इंजिन सुरू व्हायला तीनच गोष्टी लागतात. ते पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, हवा आत येऊन नीट दाबली गेली पाहिजे, आणि डिझेल वेळेवर पोहोचले पाहिजे. यापलीकडे चौथे कारण नाही. एवढ्या मोजक्या शक्यता असलेल्या यंत्राबाबत अंदाजाने भाग बदलत बसणे ही चैन आहे, आणि ती परवडत नाही त्यांनाच जास्त करावी लागते.

इंजिन फिरते आहे म्हटल्यावर बॅटरी आणि सेल्फ निर्दोष ठरले असे मात्र नाही. फिरणे वेगळे आणि पेट घेण्याइतके वेगाने फिरणे वेगळे. सावकाश फिरणाऱ्या इंजिनात दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते आणि थंड लोखंडाला उष्णता देऊन बसते. कानाला ते फिरताना ऐकू येते, पण आत पुरेसा ताप तयारच होत नाही. मोठ्या ट्रकांत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. त्यांतली एक कमकुवत असली, टर्मिनलवर पांढरी बुरशी चढली असली किंवा चेसीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजली असली तरी हेच होते. ओळखण्याची रीत फुकटची आहे. दहा सेकंद सेल्फ मारून थांबायचे आणि जोड हाताने चाचपायचे. जो जोड गरम लागेल तिथे वीज अडते आहे. कोकणाच्या माथ्यावरच्या या पट्ट्यात पावसाचे चार महिने सगळे ओले असते, तेव्हा नवी बॅटरी घेण्याआधी सँडपेपरने जोड घासण्याची मजुरी कुणीतरी द्यायला हवी. ती देत कुणी नाही, म्हणून बॅटरी विकली जाते.

त्यानंतरचा साक्षीदार सायलेन्सर. सेल्फ मारत असताना एकाने मागे उभे राहून धूर पाहायचा, एवढ्या एका निरीक्षणाने निम्मे काम उरकते. धूर अजिबात नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. मग वाल्व, रिंगा, टायमिंग यांची चर्चा तूर्त बाजूला. पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो, तर डिझेल आत जाते आहे पण पेटत नाही. मग इंजिन थंड आहे, सावकाश फिरते आहे, दाब कमी आहे, डिझेलात पाणी आहे किंवा टायमिंग सरकले आहे. काळा धूर निघून इंजिन धडपडते पण धरत नाही, तर हवा कमी पडते आहे. एअर क्लीनर उघडून बघावा, चिऱ्यांच्या खाणीवर फिरणाऱ्या ट्रकाचा तर आधीच बघावा. शिवाय ट्रक केव्हा अडतो हेही विचारण्यासारखे. सकाळी थंडीत अडतो आणि एकदा गरम झाला की दिवसभर बिनतक्रार सुरू होतो, तर संशय कमी झालेल्या दाबाचा. उलट सकाळी सुरू होतो आणि दुपारी तापल्यावर बंद केला की पुन्हा धरत नाही, तर पंपाची आतली झीज. गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या फटीतून निसटते. हे दोन प्रश्न विचारायला पाना लागत नाही. तरी ते न विचारता बॉनेट उघडले जाते.

आता धूर नसलेला ट्रक घेऊ, कारण रस्त्यावर अडलेल्या जुन्या गाडीची ही नेहमीची तक्रार. इथे शोधाचा क्रम सर्वांत महत्त्वाचा, आणि तो मोडला की सर्वांत मोठे नुकसान. पहिली तपासणी स्टॉप केबलची. जुन्या ट्रकात इंजिन बंद करायला ओढायची ही केबल गंजून अर्ध्यात अडकली तर पंप बंदच राहतो, आणि सेल्फ कितीही मारला तरी एक थेंब पुढे जात नाही. पंपावरचा तो दांडा हाताने हलवून बघायला अर्धा मिनिट लागतो. मग टाकीत डिझेल आहे का आणि टाकीच्या झाकणातले हवेचे भोक बुजले आहे का. मग फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी निघते का. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या दमट हवेचे पाणी साठते. म्हणून जुने ड्रायव्हर संध्याकाळी टाकी भरून ठेवतात, आणि त्यांच्या त्या सवयीमागे चांगले शास्त्र आहे. मग हातपंप. तो दाबत राहिल्यावर थोड्या वेळात कडक झाला पाहिजे आणि फिल्टरच्या ब्लीडर स्क्रूतून बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल आले पाहिजे. बुडबुडे थांबतच नाहीत, तर कुठून तरी हवा ओढली जाते आहे.

ही हवा ओढणारी जागा फसवी असते. टाकीपासून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंतच्या नळीत ते ढकलले जात नाही, ओढले जाते. त्यामुळे तिथला एखादा तांब्याचा वॉशर चेपला किंवा रबरी नळीला केसाएवढी चीर पडली, तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. बाहेरून सगळे कोरडे दिसते. मेस्त्री गळती शोधतो, ती दिसत नाही, आणि कोरड्या नळीवर कुणी संशय घेत नाही म्हणून संशय पंपावर जातो. यावर एक जुनी युक्ती आहे: स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन वर धरायचा, एका नळीने थेट फीड पंपाला जोडायचा, हवा काढायची आणि सेल्फ मारायचा. इंजिन धरले, तर दोष टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये, म्हणजे काही रुपयांच्या वॉशरमध्ये किंवा नळीत. नाही धरले, तर दोष पुढे. एकही भाग न बदलता शोधाचे क्षेत्र निम्मे होते. निदान म्हणतात ते हेच, आणि या कामाचे बिल करायचे तर कागदावर लिहायला भागाचे नावच नसते.

हे न करता पंप उतरवला तर काय होते, हे बारकाईने बघितले पाहिजे. पंप बेळगावला किंवा हुबळीला पंप-नोझलवाल्याकडे जातो. तिथे टेस्टिंग बेंचवर चढवला की जुन्या पंपात काही ना काही झीज निघतेच, कारण लाखो किलोमीटर चाललेल्या पंपात ती असतेच. प्लंजर बदलतात, नोझल बदलतात. पंप परत येतो, बसवताना टायमिंगची खूण जुळवावी लागते, ती थोडी जरी चुकली तर आधी नसलेला दोष नव्याने तयार होतो. आणि तांब्याचा वॉशर होता तिथेच असतो. एवढे होऊनही हवा काढताना नळ्या घट्ट आवळल्या गेल्या म्हणून गाडी सुरू झाली, तर सगळ्यांची खात्री पटते की दोष पंपाचाच होता. चुकीचे निदान असे यशस्वी ठरते आणि पुढच्या ट्रकाला तेच औषध मिळते. माझ्या मते दुरुस्तीच्या धंद्यातले सर्वांत मोठे नुकसान या खोट्या यशातून होते, कारण त्यातून कुणी काही शिकत नाही.

मेस्त्री असे का करतो? त्याच्या जागी बसून हिशेब मांडा. तासभर चाचपणी करून त्याने एक नट आवळला आणि ट्रक सुरू झाला, तर मालक म्हणतो, एवढेच होते तर पैसे कसले? पंप उतरवून दोन दिवसांनी बसवला, तर मजुरी, जाण्यायेण्याचा खर्च आणि भागांवरचे चार पैसे हे सगळे बिनबोभाट मिळते. हुशारीला दंड आणि गोंधळाला बक्षीस अशी ही व्यवस्था आहे, आणि ती आपण गिऱ्हाइकांनी बांधली आहे. डॉक्टरने तपासून ‘काही झालेले नाही, पाणी उकळून प्या’ म्हटले तरी आपण फी देतो. गोळ्या दिल्या नाहीत म्हणून फी बुडवत नाही. मेस्त्रीच्या बाबतीत मात्र गोळ्यांशिवाय फी नाही असा आपला नियम आहे.

यावर सरळ आक्षेप येतो की शोधण्याचेच पैसे द्यायचे ठरले तर मेस्त्री शोध लांबवत बसेल. आक्षेप खोटा नाही. पण तो तासावर पैसे देण्याला लागू पडतो. तपासणीची रक्कम आधी ठरवावी, दोष लहान निघो की मोठा, ती तेवढीच. मग लवकर शोधणाऱ्याचा फायदा होतो, आणि शोधणाऱ्याला महाग भाग विकण्याचे कारण उरत नाही. फसवणुकीला आळा घालायचा तर मालकाने पुरावा मागावा: काय तपासले, काय दिसले, आणि हाच भाग बदलायचा असे का वाटते? बुडबुडे दाखवता येतात, गरम टर्मिनलला हात लावता येतो, धूर दोघांना दिसतो. ज्याला दाखवता येत नाही त्याचा अंदाज असतो, आणि अंदाजाचे पैसे देण्याची गरज नाही. छोट्या मालकाला हा जास्तीचा खर्च परवडेल का, असेही विचारले जाईल. बाजारात पोहोचायला अर्धा दिवस लागणाऱ्या गावात एक चुकीची फेरी टळली तरी तपासणीचे पैसे सुटतात. शहरातल्या गॅरेजच्या दारात हे गणित कदाचित तितके सोपे नसेल, हे मी मान्य करतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: रस्त्याकडेच्या दुरुस्तीला एवढे डोक्यावर का घ्यावे? तिथे जुगाड चालते आणि जुगाडाने माणसे मरतात. यातले बरेच खरे आहे. एअर क्लीनर काढून हवेच्या वाटेत पेट्रोल किंवा ईथरचा बोळा धरणे, त्याने इंजिन धरते, पण कधी पिस्टन-रिंगा तोडून, कधी आग लावून. घाटउतारावर ट्रक सोडून गियरमध्ये टाकायचा, हे तर त्याहून वाईट: ब्रेकची हवा इंजिनच भरते आणि बंद इंजिनाच्या भरवशावर अणशीसारख्या वळणावर अवजड गाडी सोडणे म्हणजे समोरून येणाऱ्याचाही जीव पणाला लावणे. सलग मिनिटभर सेल्फ मारून तो जाळणे हा त्यातला सौम्य प्रकार. पण नीट बघितले तर यांपैकी एकही गोष्ट निदान नाही. या सगळ्या निदान टाळून इंजिनाला कसेही करून पेटवण्याच्या युक्त्या आहेत. क्रमाने शोधण्याची सवय वाढली तर जुगाड कमी होते, वाढत नाही.

तिसरा आक्षेप धोरणवाल्यांचा. जुने ट्रक धूर ओकतात, ते भंगारात जाऊ द्या, कशाला त्यांची निदाने शिकवता? १ एप्रिल २०२० पासून देशात धुराचे बीएस-सहा मानक लागू आहे, भंगार धोरण २०२१ मध्ये आले, आणि पंधरा वर्षांवरची सरकारी वाहने एप्रिल २०२३ पासून पुन्हा नोंदवली जात नाहीत. फिटनेसला नापास होणारा ट्रक रस्त्यावर नको, याबद्दल माझा वाद नाही. जुन्या डिझेलच्या धुराने फुप्फुसे बिघडतात, आणि भावनेपोटी ते झाकण्यात अर्थ नाही. पण नवा ट्रक आला की निदानाची गरज संपते ही समजूत चुकीची आहे. नव्या इंजिनातही तीनच गोष्टी लागतात; फक्त जुन्या पंपाच्या जागी कॉमन रेल आली, स्टॉप केबलच्या जागी इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले, आणि धुराच्या जागी स्क्रीनवरचा कोड आला. स्कॅनर सांगतो की रेलमधला दाब कमी आहे. तो का कमी आहे हे सांगत नाही. फिल्टर तुंबला, नळीत हवा शिरली, इंजेक्टर गळतो आहे, पंप झिजला किंवा सेन्सरच खोटे बोलतो आहे, या सगळ्यांचा कोड एकच येऊ शकतो. कोड वाचून सेन्सर बदलणारा आणि धूर न बघता पंप उतरवणारा एकाच शाळेतले आहेत, नव्याचे बिल तेवढे मोठे. आणि जुन्या हातांनी एक गोष्ट इथे विसरलीच पाहिजे: नोझलची नळी सैल करून डिझेल उडते का बघणे. जुन्या पंपावरही त्यात हात सांभाळावा लागतो. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या पुढे असतो, ती धार कातडी फोडून आत शिरते. ती युक्ती तिथे करायचीच नाही.

नव्या गाड्यांत खरी अडचण माहितीची आहे. जुना टाटा ट्रक देशभर दुरुस्त होत असे त्याला इतिहास आहे. टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये डायम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. बेंगळुरूची मायको १९५१ पासून पंप आणि नोझल देशात आणत-बनवत होती. वर्षानुवर्षे तीच रचना रस्त्यावर राहिली, म्हणून ती लाखो हातांना पाठ झाली, कुठल्याही कंपनीच्या परवानगीशिवाय. आता इंजिनाचे कुलूप सॉफ्टवेअरमध्ये आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो याच मुद्द्यावर: सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळत नाहीत. तो खटला मोटारींचा होता, ट्रकांचा नव्हता, आणि त्यावर पुढे अपिले झाली. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही सुरू केले, त्यात वाहनेही आहेत. पोर्टलवर माहिती ठेवणे कंपनीच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. दोष शोधण्याची पुस्तिका आणि कोडचे अर्थ देणे कायद्याने बंधनकारक हवे, आणि ते कन्नड-मराठीत हवे. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत बंद पडलेल्या बीएस-सहा ट्रकाला अधिकृत सर्व्हिस सेंटर लॅपटॉप घेऊन येईपर्यंत थांबा म्हणणे हा दुरुस्तीचा मार्ग होऊ शकत नाही.

शिक्षणाकडेही बघायला हवे. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि इंजिन सुरू न होण्याची कारणे त्यात शिकवली जातात. माझी मागणी प्रात्यक्षिक परीक्षेपुरती आहे. मुद्दाम दोष घातलेले इंजिन विद्यार्थ्यासमोर ठेवावे, एकही नवा भाग देऊ नये, आणि गुण शोधाच्या क्रमाला द्यावेत: कोणती तपासणी आधी केली, त्यातून काय वगळले, पुढे कुठे गेला. पंप उघडून जोडता येणे हे कौशल्य आहेच, पण पंप उघडायची गरज नाही हे ठरवता येणे त्याच्या वरचे आहे, आणि ते आज कुठल्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. हल्याळला ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे. जोयडा तालुक्यातल्या मेस्त्रींसाठी आठवड्याचा निदानवर्ग तिथे सहज घेता येईल. त्याला मोठी यंत्रशाळा लागत नाही. एक जुने इंजिन, एक व्होल्टमीटर, डिझेलचा कॅन आणि पारदर्शक नळी पुरते.

पण अभ्यासक्रम बदलून आणि कायदे होऊन मजुरीची रीत बदलणार नाही. ती खिशातून पैसे काढणाऱ्यानेच बदलायची आहे. ट्रकमालकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी सेल्फ फिरतो आणि इंजिन धरत नाही तेव्हा मेस्त्रीशी आधी तपासणीची रक्कम ठरवा, धूर त्याच्याबरोबर उभे राहून बघा, आणि त्याने नुसता वॉशर बदलून ट्रक सुरू करून दिला तर घासाघीस न करता ठरलेले सगळे पैसे द्या.